भरलेली हजेरी, रिकामे खिसे

धुलाईच्या बाई गेल्या तेव्हा कंपनीच्या आवारात एक छोटी सभा भरली. व्यवस्थापक हजेरीमास्तरांना म्हणाले, "तुम्ही सगळ्यांत जुने. चार शब्द तुम्हीच बोला." मास्तर उभे राहिले, घसा खाकरला, चष्मा काढून पुन्हा लावला आणि म्हणाले, "बाई अकरा वर्षांत एकदाही उशिरा आल्या नाहीत." एवढं बोलून बसले.

कारण खरं सांगायचं तर मास्तरांना बाईंबद्दल याहून जास्त काही ठाऊकच नव्हतं. त्या कुठल्या, घरी कोण कोण, डब्यात काय आणायच्या, एकट्या असताना कपाळाला हात लावून बसायच्या की गुणगुणायच्या, काही काही माहीत नव्हतं. बाकीच्यांना मात्र माहीत होतं. ट्रकचा ड्रायव्हर डोळे पुसत म्हणाला, बाई गाणं फार छान गुणगुणायच्या. कचरा निवडणारी एक पोरगी म्हणाली, माझं लग्न त्यांच्यामुळे टिकलं. एकेक जण उठत होता आणि बाईंचा आपापला तुकडा घेऊन बोलत होता. मास्तर खुर्चीत चुळबुळत होते. मेलेल्या माणसाचाही हेवा वाटू शकतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. जिवंतपणी तर वाटायचाच.

कंपनी कचऱ्याची. गावभरचा कचरा ट्रकमधून यायचा, एका लांबलचक फिरत्या पट्ट्यावर पडायचा आणि दोन्ही बाजूंना उभी राहिलेली माणसं त्यातून कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक वेगळं काढायची. फाटकाशी मास्तरांची खोली. येणारा प्रत्येक जण त्यांच्या खिडकीशी थांबून सही करायचा. "नमस्कार मास्तर", "चाललो मास्तर", बस्स. बावीस वर्षांत कोणी त्या खिडकीत कोपर टेकून दोन मिनिटं उभं राहिलं नव्हतं.

आवाराच्या मागच्या टोकाला धुलाईची खोली होती. असले कपडे घरी कोण नेणार, म्हणून कामाचे निळे कपडे तिथेच धुतले जायचे. तीन मोठी यंत्रं, एक वाळवायचं, आणि एक खिडकी. त्या खिडकीत कायम कोणाचं ना कोणाचं कोपर टेकलेलं असायचं.

धुण्याआधी प्रत्येक खिसा तपासावा लागे. काचेचा तुकडा किंवा ब्लेड राहिलं तर यंत्राचं वाटोळं. बाई खिशात निघेल ते पत्र्याच्या छोट्या डब्यात ठेवायच्या, डब्यावर कपड्याचा नंबर, आणि धुतलेल्या कपड्यांबरोबर डबा परत. तुटका कंगवा असो की चुरगळलेली चिठ्ठी, बाईंनी कधी काही फेकलं नाही. त्यामुळे कोणी सिगारेट पुन्हा सुरू केली, कोणाची मुलगी चित्रं काढायला लागली, कोण कोणाला चिठ्ठ्या लिहितंय, सगळं बाईंना कळायचं. आणि त्या ते पोटात ठेवायच्या.

मास्तरांनी आपला निळा कोट तिथे कधीच धुवायला दिला नाही. घरी बायकोला धुवायला लावायचे. ती एकदा म्हणाली, "कंपनीत फुकट धुतात ना?"

"त्या बाईंना माझे खिसे कशाला दाखवू?"

"काय सोनं लपवलंय त्यात? आणि त्या बाईंचं नाव दिवसातून सात वेळा घेता तुम्ही. माझं एकदा तरी घ्या."

मग मास्तरांच्या आयुष्यात एक मानाची गोष्ट घडली. मोठमोठे ग्राहक कंपनीला विचारू लागले, तुमच्याकडे किंवा तुम्हाला माणसं पुरवणाऱ्यांकडे कोणाला डांबून, धाक दाखवून, कागदपत्रं काढून घेऊन कामाला तर लावत नाहीत ना? तसा एक लांबलचक फॉर्म आला. तो भरायचं काम मास्तरांकडे आलं. शिवाय भिंतीवर एक तक्रारपेटी लागली आणि तिची किल्ली मास्तरांच्या कोटाच्या खिशात गेली. दर सोमवारी ते पेटी उघडायचे. वर्षभरात एकच चिठ्ठी निघाली: 'पंखा दुरुस्त करा.' फॉर्मवर मास्तरांनी सगळीकडे 'नाही, नाही, नाही' अशा सुबक खुणा केल्या. पेटी रिकामी म्हणजे सगळं आलबेल, असा त्यांचा हिशेब.

त्याच सुमारास एका ठेकेदाराने चौदा माणसं पुरवली. लांबून आलेली, वेगळी भाषा बोलणारी. त्यांचा मुकादम त्यांना व्हॅनमधून आणायचा आणि व्हॅनमधून न्यायचा. मास्तर त्यांच्यावर बेहद्द खूश. पाच महिने झाले, चौदा जणांत मिळून एक खाडा नाही! ना कोणाला ताप, ना कोणाची आत्या वारली. मास्तर रजिस्टर उघडून बाकीच्यांना दाखवायचे, "बघा जरा. शिका काहीतरी."

आणि एका सोमवारी बाई फाटकाशी आल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मास्तरांच्या खिडकीत कोपर टेकलं.

"मास्तर, त्या चौदा जणांचे खिसे रिकामे येतात."

"मग बरंच की. तुमचं काम वाचलं."

"तसं नाही हो. पाच महिन्यांत एक तिकीट नाही, गोळीचा कागद नाही, किल्ली नाही. माणसाच्या खिशात काहीतरी असतंच. अगदीच काही नाही म्हणजे त्याला कुठे जाऊच देत नाहीत, काही घेऊच देत नाहीत. तुम्ही चौकशी करा."

मास्तरांच्या काळजात कळ उठली, पण ती त्या चौदा जणांसाठी नव्हती. पेटी माझी, किल्ली माझी, फॉर्म माझा. आणि शोध लावणार ह्या? तोही खिसे चाचपून?

"अधिकारी कोण, बाई? तुम्ही की मी?"

"तुम्हीच. म्हणून तर आले," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

आता चौकशी करणं भाग होतं. मास्तरांनी चौदा जणांना एकेक करून खोलीत बोलावलं. भाषा येत नव्हती, म्हणून दुभाषा म्हणून मुकादमालाच शेजारी बसवलं. मास्तर विचारायचे, "काही त्रास?" मुकादम त्यांच्या भाषेत बरंच काही बोलायचा, समोरचा खाली बघून एक शब्द उच्चारायचा, आणि मुकादम सांगायचा, "म्हणतोय, फार सुखात आहे." चौदाच्या चौदा सुखात. मास्तरांनी तसं लिहून घेतलं.

चौदाही जण गेल्यावर मुकादम खुर्चीत रेलला. "तुमच्यासारखा देवमाणूस असताना तक्रार कोण करणार? कोणी कान भरले का तुमचे?"

गोड बोलणाऱ्यापुढे मास्तर नेहमीच विरघळायचे. त्यातून बाईंना जरा खाली पाडायची संधी. ते हसले. "कान कसले भरतात! धुलाईच्या बाईंना यांचे खिसे रिकामे दिसले. बसल्या बसल्या तर्क."

मुकादमही हसला. जाता जाता म्हणाला, "तसंही शनिवारी यांना दुसऱ्या गावी हलवतोय. मोठं काम मिळालंय."

गुरुवारी बाई पुन्हा खिडकीशी आल्या. ओच्यातून त्यांनी चौदा रुमाल काढले आणि टेबलावर मांडले. सगळे कोरे करकरीत, एकाच रंगाचे, दुकानातली घडीसुद्धा न मोडलेले. मग एकेका रुमालाशेजारी बसचं एकेक तिकीट ठेवलं.

"आज खिसे भरलेत," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचे, एकाच दिवशी. तिकिटांचे नंबर बघा."

नंबर ओळीने होते. एकाही नंबराची फट नव्हती.

खिसे कोणी भरले हे विचारायची गरज नव्हती. खिशांचं मुकादमाला कोणी सांगितलं, हाच काय तो प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर टेबलाच्या अलीकडे बसलं होतं.

"खिशांचं मी फक्त तुमच्याशी बोलले होते," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मास्तरांना भांडता तरी आलं असतं. "असू दे. आता तिकिटावरची वेळ बघा, आणि तुमचं रजिस्टर काढा. त्यातल्या खुणा मला कळत नाहीत, तुम्हालाच कळतात."

तिकिटं मंगळवारची, सकाळी साडेदहाची. मास्तरांनी रजिस्टर उघडलं. मंगळवार: चौदाही जण सातला आत, पाचला बाहेर. साडेदहाला ते पट्ट्यापाशी उभे होते, बसमध्ये नव्हते. बावीस वर्षांत मास्तरांच्या रजिस्टरने पहिल्यांदाच कोणाचं तरी खोटं पकडलं होतं. आणि त्याच पानावर, वरपासून खालपर्यंत, एकही खाडा नसलेल्या त्या खुणा. ज्या आजवर शिस्त वाटल्या होत्या, त्या आता कुंपणाच्या खांबांसारख्या दिसायला लागल्या.

वर जाऊन हे सांगायचं म्हणजे आपल्या सुबक खुणा खोट्या होत्या हे कबूल करायचं. नाही सांगितलं तर शनिवारी व्हॅन निघेल, आणि ही माणसं कुठे गेली ते कोणाला कळणारही नाही. शेवटी त्यांनी रजिस्टर काखेत मारलं, रुमाल-तिकिटं गोळा केली आणि जिना चढले. बाई मागोमाग.

व्यवस्थापक तसे भले. त्यांनी त्याच दुपारी त्या चौदा जणांची भाषा जाणणारी बाहेरची एक दुभाषी बोलावली, मुकादमाला फाटकाबाहेर उभं केलं आणि सरकारी कामगार अधिकाऱ्याला फोन लावला. पहिले तिघे काहीच बोलले नाहीत. चौथा रडला, आणि मग सगळे बोलले. चौदा जणांना एक खोली, दाराला बाहेरून कुलूप. ओळखपत्रं मुकादमाच्या पेटीत. घरी फोन करायचा तोही त्याच्यासमोर. शुक्रवारी अधिकाऱ्याने ती पेटी फोडून ज्याचं त्याला ओळखपत्र दिलं. शनिवारी व्हॅन निघाली नाही.

"हे लक्षात कसं आलं?" व्यवस्थापकांनी विचारलं होतं. मास्तर तोंड उघडणार तोच बाई म्हणाल्या, "मास्तरांनी तिकिटाची वेळ रजिस्टरशी ताडून बघितली, म्हणून." मुकादमापर्यंत पोचलेल्या चुगलीचं अवाक्षर काढलं नाही. मास्तरांना शाबासकीचं पत्र मिळालं. ते हातात घेताना त्यांना वाटलं, ही बाई देण्यातही आपल्याला हरवून गेली.

नऊ जण गावी परतायचे होते. त्या दिवशी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीत बसले. निरोप घ्यायला येतील, निदान हात तरी जोडतील. एक जण आला खरा. मास्तर उभे राहिले. त्याने दोन्ही हातांनी कपडे चोळून दाखवले आणि मान हलवून विचारलं, कुठे? मास्तरांनी मागच्या खोलीकडे बोट केलं. नऊच्या नऊ तिकडे गेले, आणि बाईंच्या खिडकीशी उभं राहून प्रत्येकाने खिशातून आपलं ओळखपत्र काढून दाखवलं. मास्तर लांबून बघत होते.

उरलेले पाच जण कंपनीतच राहिले, आता आपल्या मर्जीने. महिन्याभरात त्यांतल्या एकाने खाडा केला. कारण विचारलं तर खुणेने सांगितलं, झोपलो होतो. मास्तरांनी पेन टेकवून पहिला खाडा मांडला आणि का कोण जाणे, त्यांना बरं वाटलं.

त्या शनिवारी मास्तर कोट काढून काखेत घेऊन धुलाईच्या खोलीकडे गेले. बायकोने घड्या घालून दिलेला रुमाल, पेन, चष्म्याचं घर, सगळं काढून ठेवलं होतं. फक्त तक्रारपेटीची किल्ली आत ठेवली होती, मुद्दाम. ती खरं तर बाईंकडेच असायला हवी, हे तोंडाने सांगणं त्यांना जमलं नसतं. बाईंना सापडेल, त्या काय ते समजतील.

रविवारी बाई झोपेतच गेल्या. सोमवारी मास्तरांना कोट मिळाला, धुतलेला, खालचं लोंबणारं बटण पक्कं लावलेला. शेजारी पत्र्याचा डबा, त्यावर नंबराऐवजी 'मास्तर' असं खडूने लिहिलेलं, आणि आत किल्ली. ज्याचं त्याला परत. त्या किल्लीचा अर्थ बाईंना कळला होता का, आणि कळूनही परत केली का, ते विचारायला आता कोणी नव्हतं.

शनिवारी दोघांचं बोलणं झालं ते एवढंच.

"खिसे बघितलेत का, मास्तर?"

"बघितले. काही नाही त्यात."

"बरं. तरी मी बघेनच. बटण सुटत आलंय हे."

"असू दे, घाई नाही."

"सोमवारी या."