आधी पोटॅशियम, मग सुई

नवरात्रात सुक्या बोंबलांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, म्हणून जनाबाई त्या सकाळी बाजारात न जाता ठाकुर्लीच्या घरी चक्क पाय पसरून चहा पीत बसली होती. तिला असं बसणं जमत नाही. चहा प्यायचा सोडून ती मुलाला, सुदेशला, ओला टॉवेल पलंगावर टाकल्याबद्दल झापत होती. तेवढ्यात दार धडधडलं.

दारात खालच्या मजल्यावरची अक्षदा. "जनाकाकू, आधी खाली चला. तुमची दिपिका ऑफिसला निघाली ना, जिन्यातच बसलीय. उलट्या करतेय. श्वास बघा कसा लागलाय."

जनाबाई अनवाणीच धावली. लेकीचे ओठ सुकले होते, तोंडाला कुजक्या फळांसारखा वास येत होता. दिपिकाला शाळेत असल्यापासून मधुमेह. नवरा गेला तेव्हा जनाबाईने मासळीची टोपली आणि लेकीची इन्शुलिनची सुई, दोन्ही एकाच आठवड्यात हातात घेतल्या होत्या. कुणापुढे रडली नव्हती.

"सुई घेतलीस कं?"

"उपास आहे ना आये. खातच नाही, तर सुई कशाला?"

"कदीपासून?"

दिपिकाने मान फिरवली. घटस्थापनेपासून, एवढं त्यातूनच कळलं.

सुदेशने आपली रिक्षा काढली. पत्रीपुलावर त्याने हॉर्नवरचा अंगठा उचलला नाही. कल्याणच्या हॉस्पिटलात डॉक्टर प्राचीने भराभर रक्त काढलं, सलाइन लावलं, छातीला वायरी चिकटवल्या. उपाशी असूनही साखर पाचशेच्या वर; सुई थांबली की लिव्हर रक्तात साखर सोडतच राहतं. इन्शुलिन मात्र दिलं नाही.

"पोटॅशियमचा रिपोर्ट येऊ दे, मावशी."

रिपोर्ट आला. दोन पूर्णांक नऊ.

"आता तर अजिबातच नाही," डॉक्टर म्हणाली.

जनाबाईने कमरेच्या पिशवीतून इन्शुलिनचं पेन काढलं. लपवाछपवी तिच्या स्वभावात नाही. डॉक्टरच्या समोरच तिने टोपण उडवलं. "तुमी देत नाय, तर मी देते. इतकी वर्षं मीच देते."

प्राचीने तिचं मनगटच धरलं. "मावशी, आत्ता दिलंत तर मुलगी हातची जाईल. हिचं पोटॅशियम लघवीतून, उलटीतून वाहून गेलंय. हृदयाचे ठोके त्यावर चालतात. इन्शुलिन साखरेबरोबर पोटॅशियमही पेशींत ढकलतं. रक्तात उरलंय तेवढंही आत गेलं, तर हृदय थांबेल. साडेतीनच्या वर येऊ दे, मग मीच देते."

पेन हातातच राहिलं. मासळीबाजारात कुणाचं न ऐकणाऱ्या बाईने खाली पडलेलं टोपण उचलून त्याला लावलं.

"मग नारळपाणी आणू? त्यात पोटॅशियम असतं ना, चार आणतो," सुदेश म्हणाला.

"तोंडाने काही नको. सलाइनमधून देतोय, हळूहळू. भसकन दिलं तरी हृदयालाच त्रास."

मग सुरू झालं वाट बघणं. जनाबाईने येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक नर्सला अडवलं. "किती झालं?" वॉर्डातल्या इतर नातेवाइकांनाही साडेतीनचा आकडा ठाऊक झाला. पलीकडच्या खाटेवरचे परशुराम आजोबा स्वतःचं दुखणं विसरून विचारू लागले, "सव्वातीन? वर चाललंय की मग." जनाबाई त्यांना म्हणाली, "तुमी झोपा हो, नायतर तुमचंच बीपी वर चालेल." ते हसले, तीही हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

पुढचा रिपोर्ट घेऊन प्राची जवळजवळ पळतच आली. "तीन पूर्णांक सहा."

सुदेशने भिंतीवर मूठ आपटली. परशुराम आजोबांनी टाळी दिली, तीही नर्सला. इन्शुलिनचा पंप सुरू झाला, शेजारी पोटॅशियमचं सलाइनही चालूच. संध्याकाळपर्यंत दिपिकाचा श्वास शांत झाला आणि तिने पहिलं वाक्य उच्चारलं, "आये, तू अनवाणी का फिरतेस?"

जनाबाईचे डोळे भरले. तिने ते पदराने पुसले आणि डॉक्टरला दाराशी गाठलं.

"एक काम करा, डॉक्टर. उपासातपण सुई बंद करायची नाय, हे तिला तुमी सांगा. मी सांगितलं की तिला नुसतं ओरडणंच वाटतं."