मधली रेघ कोणाची

बास्केटबॉलच्या मैदानावरची मधली रेघ पाच सेंटिमीटर रुंद असते. ही पाच सेंटिमीटर कोणाकडे धरायची, याचा विचार मी वयाच्या पन्नाशीपर्यंत कधी केला नव्हता. माझं काम जमीन मोजणीचं. सव्वीस वर्षं शेतं मोजतो आहे. दोन शेतांमधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात, आणि धुऱ्यावरून किती वर्षं भांडणं चालतात ते मी पाहिलेलं आहे. तरी धुरा निम्मा याचा, निम्मा त्याचा, असं धरून काम भागतं. बास्केटबॉलमध्ये तसं भागत नाही. तिथे मधली रेघ पूर्णच्या पूर्ण मागच्या अर्ध्यात मोजतात.

मागचा अर्धा, म्हणजे बॅककोर्ट. ज्या बास्केटचं आपण रक्षण करतो त्या बाजूचं अर्धं मैदान. चेंडू हाती आला की आठ सेकंदांत तो पुढच्या अर्ध्यात न्यायचा, आणि एकदा नेला की परत मागे आणायचा नाही. आणला तर शिटी, आणि चेंडू समोरच्यांना. चेंडू आपटत नेणारा खेळाडू पुढे गेला असं केव्हा धरायचं, तेही पुस्तकात लिहिलेलं आहे. त्याचे दोन पाय आणि चेंडू, तिन्ही रेघेच्या पलीकडे टेकले पाहिजेत. तिन्हींतलं एक जरी अलीकडे असेल, तर तो अजून मागेच आहे, आणि मागे फिरायला मोकळा आहे.

पंचांच्या लेखी परीक्षेत हा प्रश्न मला आला होता. मी तो बरोबर सोडवला होता. पन्नासपैकी सत्तेचाळीस गुण पडले होते, आणि चुकलेल्या तिनांत हा नव्हता.

पंच मी मुलीमुळे झालो. ती पुसदला शाळेत असताना खेळायची. मी संध्याकाळी तिला आणायला जायचो आणि कठड्यावर बसून राहायचो. तिच्या क्रीडाशिक्षकांनी एक दिवस म्हटलं, "बसूनच राह्यता तर शिटी तरी धरा." मुलगी पुढे शिकायला बाहेर गेली, माझ्या हातात शिटी राहिली. सुट्टीच्या दिवशी सामने असले की मी जातो.

पण त्याच्या फार आधी, लग्नापूर्वी, मी दहा वर्षं कबड्डी खेळलो होतो. चढाईला मीच जायचो. कबड्डीतल्या मधल्या रेघेचा हिशोब वेगळा. समोरच्या अंगणात चार जणांनी धरलं, खाली पाडलं, वर बसले, तरी दम न सोडता हात लांब करून रेघेला बोट टेकवलं की सुटलो. सगळं शरीर पलीकडे आणि एक बोट रेघेवर, तरी मी घरी पोचलो. कितीतरी गुण मी त्या एका बोटावर आणले आहेत. कोपराची कातडी अजून खरबरीत आहे.

पुसदच्या ज्या मैदानावर ही गोष्ट घडली, तिथे एकाच सिमेंटवर तीन खेळांच्या रेघा आहेत. व्हॉलीबॉलच्या निळ्या, कबड्डीच्या पिवळ्या, बास्केटबॉलच्या पांढऱ्या. फक्त मधली रेघ तिघांची एकच.

जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेचा मुलींचा अंतिम सामना होता. पुसदच्या मुली आणि नेरच्या मुली. जिंकणारा संघ विभागाला, अमरावतीला जाणार. सोयाबीन काढणीचे दिवस होते, त्यामुळे नेरहून आईबाप कोणी आलं नव्हतं. दहा मुली, त्यांच्या मॅडम आणि क्रूझरचा ड्रायव्हर, एवढेच. पुसदकडून मात्र कठडा भरलेला होता. नेरची कॅप्टन बारावीत होती, उंचीनं बेताची, पायानं चपळ. पाच वर्षं ती या स्पर्धेत खेळत होती आणि एकदाही जिल्ह्याबाहेर गेली नव्हती. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. हे मला तिच्या मॅडमनी सकाळी ओळखपत्रं तपासताना सांगितलं होतं, सहज, जन्मतारखेवर बोट ठेवून.

शेवटी चौदा सेकंद उरले होते. पुसद एक्केचाळीस, नेर चाळीस. कॅप्टन चेंडू आपटत मधल्या रेघेपर्यंत आली आणि पुसदच्या दोन मुली तिच्या अंगावर धावल्या. तिचा डावा पाय रेघेच्या पुढे पडला. चेंडू पुढे आपटला. उजवा पाय वीतभर मागे होता. तिनं डावा पाय मागे ओढला, चेंडू मागे घेतला आणि दुसऱ्या बाजूनं वाट काढायला वळली. तोवर माझी शिटी वाजली होती.

मी हातानं खूण केली. मागे आणला. चेंडू पुसदला. कठड्यावर एकच गलका झाला.

ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, माहा एक पाय मांगंच होता."

"चला, खेळा," मी म्हटलं.

पुसदच्या मुलींनी ते चौदा सेकंद चेंडू एकमेकींकडे फिरवत काढले. मी बाजूनं धावत होतो, आणि धावताना मला परीक्षेतला तो प्रश्न आठवला. दोन पाय आणि चेंडू. तिचा एक पाय मागे होता, हे मी चांगलं पाहिलं होतं. डोळ्यांनी काही चूक केली नव्हती. पाऊल रेघेपार टेकलं की पोचला, असा निकाल माझ्या आतल्या जुन्या चढाईवाल्यानं दिला होता, आणि शिटी माझ्या तोंडात होती. भोंगा वाजला तेव्हा पुसदच्या मुली उड्या मारत होत्या आणि मला सगळं स्पष्ट झालं होतं.

सामन्याच्या टेबलावर स्कोअरशीट ठेवलेली होती. मुख्य पंच मी होतो. माझी सही झाली की सामना संपला. मोजणीतही तसंच असतं. सही होईपर्यंत नकाशात दुरुस्ती करता येते, त्यानंतर लोकांना अपिलातच जावं लागतं.

नेरच्या मॅडम आल्या. मला वाटलं ओरडतील. त्या म्हणाल्या, "सर, भांडाले नाही आली मी. एकच विचारतो. तिचे दोन्ही पाय पुढं दिसले म्हणून शिटी मारली, का एक मांगं दिसत असताना मारली?"

प्रश्न अगदी नेमका होता. पंचाच्या डोळ्यांनी चूक केली असेल तर त्यावर इलाज नाही. त्याला जे दिसलं तेच खरं. पण नियम लावण्यात चूक झाली असेल तर पंधरा मिनिटांच्या आत कॅप्टनला स्कोअरशीटवर सही करून तक्रार नोंदवता येते. म्हणजे सगळं माझ्या उत्तरावर होतं.

"दोन मिनिटं द्या," मी म्हटलं.

माझ्या जोडीचा पंच शिटी वाजली तेव्हा दुसऱ्या टोकाला होता. तो मला पाण्याच्या कॅनपाशी घेऊन गेला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मोकळ्या तोंडाचा माणूस.

"भाऊ, कायले इतका विचार करून राह्यले? दोन्ही पाय पुढं दिसले म्हणा, सही करा. जेवाले जाऊ."

"एक मागे होता."

"तुम्ही टेप लावला काय तिथं?"

"वीतभर मागे होता. वितीला टेप लागत नाही."

"कठड्यावर अर्धं गाव मोबाइल धरून बसलं होतं. तीन व्हिडिओ पाहून आलो मी. एकातही रेघ दिसत नाही, पोरीच आडव्या आल्या. कोणी काही म्हणू शकत नाही तुम्हाले."

"मला दिसली ना."

त्यानं ग्लास कॅनवर उपडा घातला. "तुमच्यासारख्यानं धुरेच मोजावे, भाऊ," तो म्हणाला. पण हसत म्हणाला.

त्या दोन मिनिटांत माझ्या मनात काय चाललं होतं, हे मी नंतर पुष्कळदा तपासलं आहे. पुसदच्या लोकांची भीती नव्हती. प्रामाणिकपणाचा मोठा आवेशही नव्हता. उलट खरं बोलायचीच लाज वाटत होती. पंचाला नीट दिसलं नाही, हे लोक समजून घेतात. पंचाला नियमच कळला नाही, हे कोणी समजून घेत नाही. दोन्ही पाय पुढे दिसले म्हटलं असतं तर फार तर माझी नजर कच्ची ठरली असती. सत्तेचाळीस गुण शाबूत राहिले असते. त्या दोन मिनिटांत मी या गुणांचा विचार केला, हे लिहून ठेवलेलं बरं.

टेबलापाशी परत आलो. कॅप्टन मॅडमच्या मागे उभी होती. बूट काढून हातात धरले होते.

"एक पाय मागे होता," मी म्हटलं. "मी पाहिला होता. नियम चुकीचा लावला. बॅककोर्ट झालं नव्हतं."

मॅडमनी तिच्या हातात पेन दिलं. बूट खाली ठेवून तिनं सही केली.

पुसदचे क्रीडाशिक्षक धावतच आले. ज्यांनी माझ्या हातात शिटी दिली तेच. "दादा, तुमची पोरगी याच ग्राउंडवर खेळली न?"

"हो. आणि हा नियम तिला तुम्हीच शिकवला."

त्यांनी कमरेवर हात ठेवले, मैदानाकडे पाहिलं. स्पर्धेच्या समितीतले तिघं एव्हाना खुर्च्या ओढून बसले होते. अशा वेळी नेमकं काय करायचं ते पुस्तकात फार सरळ लिहिलेलं नाही. सामना पुन्हा खेळवावा, असं एक जण म्हणाला. निकाल आहे तसा ठेवावा, असं दुसरा म्हणाला. शेवटी क्रीडाशिक्षकच म्हणाले, "चौदा सेकंद राह्यले होते न? तेवढेच खेळून घेऊ. माह्या पोरी चौदा सेकंदाले भेत नाहीत." मॅडमनी मान डोलावली. घड्याळ चौदावर लावलं. कॅप्टननं बूट पुन्हा चढवले. जल्लोष करून बसलेल्या मुली पुन्हा उठल्या. त्यांना ते आवडलं नाही, आणि त्यांचंही चुकत नव्हतं.

चेंडू नेरला, मधल्या रेघेच्या मागून, बाजूनं. कॅप्टनला पास आला. त्याच दोन मुली पुन्हा अंगावर आल्या. या वेळी ती कमरेत वाकून दोघींच्या मधून निघाली. मी रेघेवर नजर रोवून होतो. डावा पाय. चेंडू. उजवा पाय. तीन. आता ती पुढे होती.

सहा सेकंद उरले असताना उजव्या बाजूनं तिनं चेंडू मारला. हात चांगला सुटला होता. चेंडू कड्यावर बसला, अर्धा फेरा फिरला आणि बाहेर पडला. पुसदच्या मुलीनं तो पोटाशी धरला आणि भोंगा वाजेपर्यंत सोडला नाही.

कठडा पुन्हा ओरडला, पहिल्याइतका नाही. कॅप्टन बास्केटखाली थोडी थांबली. मग पुसदच्या मुलींशी एकेक करून हात मिळवले आणि टेबलाकडे आली. तक्रारीच्या सहीचं आता काय करायचं, असं तिनं विचारलं. काही नाही, राहू दे, मी म्हटलं. 

"आता हरलो, सर," ती म्हणाली. तक्रार नव्हती. एखादं माप वाचून दाखवावं तसं म्हणाली, आणि क्रूझरकडे गेली.

मी स्कोअरशीट पुढे ओढली. एक्केचाळीस, चाळीस. आकडे तेच होते. मी खाली सही केली.