पडण्याची नऊ चित्रं

दादा पलटणीतून रजेवर आला की आमच्या घरात दिवस मोजले जात. एकोणीसशे पंचाहत्तरच्या आसपासच्या त्या उन्हाळ्यात मीही मोजत होते, पण कारण वेगळं होतं. मी सांगलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवी आणि सुट्टीत रहिमतपूरला येऊन चित्रपट करी. कागदावर काढलेल्या चित्रांचा, पाच भागांचा. पाताळातला लोखंडी राजा आणि त्याच्याशी लढणारा तलवारबाज, अशी मीच रचलेली गोष्ट. आधीच्या एका रजेत दादानं कुठूनसा जुना कॅमेरा आणून दिला होता. कळ दाबली की एकच चित्र टिपणारा.

चार भाग झाले होते. पाचव्यात शेवटची लढाई होती, आणि लढाई मला येत नव्हती. खिडकीच्या काचेवर कागद धरून मी एका चित्रावरून दुसरं काढी आणि प्रत्येक वेळी तलवार सारख्याच अंतरानं पुढे सरकवी. दादानं गठ्ठा अंगठ्याखालून फरफर सोडून पाहिला.

"आगं, ही लढाई हाय का फुगडी?"

मग काठी घेऊन अंगणात उभा राहिला. "वार करायच्या आधी माणूस मागं येतो. तितं जरा थांबतो. अन् मग वार दिसतच न्हाई, बसल्यावर कळतो. मधली चित्रं काढून टाक."

मी सहा चित्रं काढून टाकली. वार बसला.

राहिलं पडणं. गोष्टीत शेवटी तलवारबाज मरणार होता. दादा गुडघे सैल सोडून दाखवत होता, तेवढ्यात आई सूप हातात घेऊनच बाहेर आली.

"रजेवर आलेल्या माणसानं मरायचं सोंग करायचं न्हाई. ह्याला कळत न्हाई, तुला तरी कळाय नगं? शिकलेली हायस म्हणं."

दादानं काठी ठेवली. दुसऱ्या दिवशी आई बाजाराला गेल्यावर तो परसात कडब्यावर चार वेळा पडला. मी नऊ चित्रं काढली. तिसऱ्या दिवशी त्याची रजा संपली.

एरवी पंधरा दिवसांनी पत्र येई. महिना गेला, दुसरा गेला. दर शनिवारी मी गाडीनं घरी जाई आणि दारातूनच आईच्या चेहऱ्याकडे पाही. कडब्याचं मी तिला सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टींना हसण्याइतकं मी वाचलेलं होतं, तरी ती नऊ चित्रं कॅमेऱ्याखाली ठेवायला हात धजेना. गुडघे, कंबर, खांदा, शेवटी मातीला टेकलेला गाल. दादाची मिशी मी काढली नव्हती, पण जबडा त्याचाच होता.

एका दुपारी मी गठ्ठा उलटा केला. नववं चित्र आधी, पहिलं शेवटी. जमिनीवर पडलेला माणूस उठून उभा राहिला. तसंच टिपलं आणि रीळ धुवायला मुंबईला पाठवून दिलं. पुढच्या आठवड्यात पत्र आलं. पलटण डोंगरात हलली होती, टपाल अडकलं होतं. या दोन गोष्टींचा संबंध नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी मी ते रीळ पुन्हा कधी बदललं नाही.

पुढच्या रजेत गावच्या शाळेत, खिडक्यांना घोंगड्या लावून, आम्ही पाचवा भाग भिंतीवर दाखवला. लोखंडी राजा कोसळला, तलवारबाज उठला. दादा माझ्या शेजारी होता.

"आसं कुणी उठतं व्हय गं? दोरीनं वर वढल्यागत," तो हळूच म्हणाला. "उठताना माणूस आधी हात टेकतो."

मग त्याच्या लक्षात आलं असावं. त्यानं पुढच्या रांगेतल्या आईकडे पाहिलं.

यंदा दादा गेला. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी त्याला उठून बसायचं होतं. त्यानं पलंगाच्या कडेला तळवा टेकला, दाबला, आणि तिथं जरा थांबला. मी त्याच्या पाठीमागं आधाराला हात धरून उभी होते. तो उठला नाही. तळवा मात्र बराच वेळ तसाच टेकलेला होता.

त्याचं दिवसकार्य झाल्यावर मी ती नऊ चित्रं बाहेर काढली आणि खिडकीच्या काचेवर एक कोरा कागद धरला. हात कुठं टेकला होता ते मला नीट आठवतं. दहावं चित्र अजून जमलेलं नाही.