रॉकेलवाल्याचा विमा

शेलूबाजारच्या त्या रॉकेलवाल्याच्या कानावर दिवसभर बिडी असे, पण दुकानात तो ती कधी पेटवत नसे. आगीचा विमा असल्याशिवाय रॉकेलची एजन्सी नाही, ही तेल कंपनीची अट. म्हणून मी विमा एजंट त्याच्याकडे गेलो. सही करता करता तो थांबला आणि त्यानं शेजारणीच्या गोठ्याकडे बोट दाखवलं.

"माहे डबे जळले त पैसे भेटतीन. तिची गाय जळली त?"

"गाय यात येत नाही."

त्यानं टाक खाली ठेवला. "मंग थांबा जरासे."

पुढच्या बाजाराला गेलो, तर सगळे डबे गावाबाहेर त्याच्या वावरात, टिनाच्या नव्या छपराखाली.

"इतक्या लांब गिऱ्हाईक येईल?" मी विचारलं.

"न आलं त न आलं. ते गाय रोज माह्या दारावरून जाते, साहेब. तिले काय तोंड दाखवू?"

सही करून तो बिडी ओढायला आणखी लांब, वावराच्या बांधापर्यंत, धुऱ्यापर्यंत चालत गेला.