दुरुस्तीने पुसलेली चित्रं

आमची ताई ड्रायव्हर लिहिते. कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा नव्हे, डिस्कसारखी यंत्रं चालवणारा प्रोग्राम, हे आईला सांगून ताईचं तोंड दुखलं, तरी आई शेजारणीला सांगायची ते सांगतेच, "मोठी ड्रायव्हरकीत आहे." ताईच्या ड्रायव्हरचं काम सोपं: आलेली प्रत्येक फाइल दोन डिस्कवर लिहायची. एक डिस्क गेली तरी दुसरी शाबूत.

एका हॉस्पिटलातून तक्रार आली. स्कॅनची काही चित्रं कधी नीट उघडत, कधी अर्धी करडी दिसत. केबल बदलून झाली, डिस्क बनवणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडून झाली. शेवटी ताईने फोनवर सांगितलं, दोन्ही प्रती जुळवणारी दुरुस्ती चालवा. त्यांनी चालवली, आणि करडी चित्रं कायमची करडी झाली.

ताईने ऑफिसात एक नकली डिस्क तयार केली, मुद्दाम मधेच लिहायला नकार देणारी. तेव्हा उलगडा झाला. नकार देणाऱ्या डिस्कला ड्रायव्हरने बाद करायला हवं होतं. तो मात्र दुसरीचा होकार घेऊन गप्प बसायचा आणि पुढे वाचताना त्याच नापास डिस्ककडेही जायचा. म्हणजे दुसरीवर चांगली प्रत होती. दुरुस्तीने तिच्यावरच बिघडलेली प्रत चढवली. ड्रायव्हरमधली ती चूक आधीच्या कुणाची होती, सल्ला मात्र ताईचा.

साहेब म्हणाले, नवा ड्रायव्हर गुपचूप पाठवू, डिस्क जुन्या होत्या म्हणू. ताईने जागेवर येऊन हॉस्पिटलच्या स्कॅन विभागातल्या बाईंना फोन लावला.

"चांगली प्रत होती. माझ्या सांगण्यामुळे ती पुसली गेली."

बाई म्हणाल्या, "काहीच परत येणार नाही?"

"नाही."

बाकीच्या पेशंटना बोलावून पुन्हा स्कॅन काढले. एका आजोबांचं ऑपरेशन मात्र होऊन गेलं होतं; त्यांचा आधीचा स्कॅन गेला तो गेलाच. डॉक्टरांना पुढचं अंदाजाने ठरवावं लागलं. साहेब ताईशी कामापुरतंच बोलू लागले. नवा ड्रायव्हर चोख चालतो, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

ताई अधूनमधून बाईंना फोन करून आजोबांची चौकशी करते. बाई म्हणतात, बरे आहेत. ते खरं, की ताईचं मन राखायला म्हणतात, हे विचारायचा तिला धीर होत नाही.