सईचा एक्स-रे आणि आबांचा खोकला

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, पेनाच्या टोकाने छातीच्या मध्याजवळचा एक पांढुरका डाग दाखवला आणि म्हणाले, "प्रायमरी कॉम्प्लेक्स आहे."

मी इंग्रजी माध्यमात शिकले आणि नारायणगावच्या एका शाळेत लहान मुलांना इंग्रजी शिकवते. दोन्ही शब्दांचे अर्थ मला येत होते, तरी काहीही कळलं नाही. अडीच वर्षांची सई माझ्या कडेवरून वाकून डॉक्टरांच्या टेबलावरचा रबरी शिक्का घ्यायला बघत होती.

"म्हणजे टीबी. लहान मुलांचा," डॉक्टर म्हणाले. "घाबरू नका, बरा होतो. औषध सहा महिने. एक दिवससुद्धा चुकवायचं नाही."

टीबीचे जंतू लहान मुलाच्या फुप्फुसात पहिल्यांदाच शिरतात, तिथे छोटीशी जखम करतात आणि जवळच्या गाठी सुजतात, त्याला प्रायमरी कॉम्प्लेक्स म्हणतात. असं मूल सहसा दुसऱ्याला आजार देत नाही. हे मला नंतर नीट समजलं. त्या दिवशी मनात एवढंच आलं, की आता घरी जाऊन हे सांगायचं आणि सगळे माझ्याकडे बघणार.

बघायची सुरुवात खरं तर आधीच झाली होती. सई जेवत नव्हती. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, सकाळी उतरायचं. खोकला होता. वजन काट्यावर एकाच ठिकाणी बसलं होतं. आम्ही पिंपळवंडीत राहतो. तिथे मूल बारीक दिसलं की कोणी मुलाला विचारत नाही, आईला विचारतात. शेजारच्या सुमनकाकू रोज विचारायच्या, "काय गं मॅडम, पोरीला चारती का न्हाई? का समदं शाळंतल्या पोरांनाच वाटून येती?"

मी हसून आत जायची. मला पटकन उत्तर देता येत नाही. रात्री अंथरुणात सुचतं.

कोणी मुडदूस म्हणालं, कोणी दृष्ट. दंडात तांबडा धागा आला, मग काळा. शेळीचं दूध आलं, ते सईने ओकलं. तो ठपकाही माझ्यावर, कारण कोमट करून दिलं नव्हतं.

नारायणगावच्या ह्याच डॉक्टरांनी आधी माँटू टेस्ट केली होती. हातावर कातडीच्या आत अगदी थोडं औषध टोचतात आणि दोन-तीन दिवसांनी तिथला फुगवटा मोजतात. तोवर त्या जागेला काही लावायचं नसतं. हे मी सासूबाईंना नीट सांगितलं होतं. त्यांना मी आत्या म्हणते. मी शाळेतून आले तर सईच्या हातावर हळद-चुन्याचा जाडजूड लेप.

"सूज आली व्हती," आत्या म्हणाल्या. "बघत बसू का?"

लेप धुतल्यावरही जागा पिवळीधमक होती. डॉक्टरांनी आधी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आईने एवढंसुद्धा लक्ष ठेवायला नको का?"  आत्या बाहेर बाकावर पदराने वारा घेत बसल्या होत्या.

फुगवटा नीट मोजता आला नाही, म्हणून एक्स-रे काढला. तर असं निदान झालं. घरी आल्यावर आत्यांनी दार लोटून घेतलं. "कुणाला सांगायचं न्हाई. बाळदमा सांग. पोरीची जात हाय, उद्या सोयरिकीला लोक काय म्हणतील?"

सई तेव्हा उंबऱ्यावर बसून चप्पल चावत होती.

औषध सकाळी उपाशीपोटी. त्यातल्या एकाने लघवी लालसर होते. ते औषधाचं रंगद्रव्य असतं, रक्त नव्हे, घाबरायचं नाही. वाळत घातलेल्या चड्ड्यांवरचे नारिंगी डाग सुमनकाकूंना दिसायला एक सकाळ पुरली. "अगं बया, पोरीला रगत जातंय आन ही चालली शाळंत!"

पण मला सांगायची गोष्ट वेगळी आहे. तुमच्या घरात कधी हे निदान झालं तर या गोष्टीकडे लक्ष द्या. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हा आजार लहान मुलाला मोठ्या माणसाकडून येतो. घरात कोणाला तरी आहे. सगळ्यांची तपासणी करा, नाहीतर हिला बरं करून परत त्याच हवेत सोडाल."

त्या वाक्यातलं 'सगळ्यांची' घरी पोचेपर्यंत गळून पडलं. उरले मी. आईजवळच तर असते पोरगी, मग आईचंच असणार. मी मुकाट्याने छातीचा एक्स-रे काढला. स्वच्छ निघाला. मला आनंद व्हायला हवा होता, पण आत्या म्हणाल्या, "फोटूत काय समदंच दिसतंय का?" माझ्या नवऱ्याने काढला, तोही स्वच्छ. आत्या म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय?" तरी त्यांचाही काढला. स्वच्छ.

राहिले आबा, माझे सासरे.

आबा पहाटे ओट्यावर बसून खोकायचे. असे खोकायचे की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहायची. माझं लग्न झाल्यापासून मी तो खोकला ऐकत होते. कोणी त्याला आजार म्हणत नव्हतं. तो आबांचा खोकला होता, जसा आबांचा फेटा, आबांची खाट. अलीकडे त्यांचा सदरा खांद्यावरून ओघळायला लागला होता. सई बारीक झाली ते गावाला दिसलं, आबा बारीक झाले ते कोणाला दिसलं नाही.

मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही सांगा. तो म्हणाला, "बघतो." मग बाजारात टोमॅटोला भाव होता म्हणून राहिलं, मग भाव नव्हता म्हणून राहिलं. आत्यांना म्हटलं. त्या म्हणाल्या, "बिडीचा खोकला हाय त्यो. ऐन जवानीतला." मी परत नवऱ्याला म्हटलं. तो चिडला. "आबांना कसं सांगू, की तुमच्यामुळं झालं?"

मला सांगताना मात्र कोणाची जीभ अडखळली नव्हती.

इतकी वैतागले होते की माझी भीड त्या वैतागात कुठे गेली मला कळलं नाही. सरकारी दवाखान्यात गेले आणि सिस्टरकडून थुंकी तपासायची प्लास्टिकची डबी घेऊन आले. स्पुटम टेस्ट म्हणतात तिला. घशातली साधी थुंकी चालत नाही, सकाळी छातीतून खोकून काढलेला बेडका लागतो. लग्नाला पाच वर्षं होत आली होती. आबांशी माझं बोलणं 'चहा ठेवलाय' आणि 'फोन आलाय' एवढंच. सकाळी चहाच्या कपाशेजारी मी ती डबी ठेवली.

"आबा, यात बेडका पाहिजे. सकाळचा."

आबांनी डबीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग घरात तोंड करून ओरडले, "अगं ए, हिला बोलता येतंय की गं!"

आत्या पीठ भरल्या हातांनी बाहेर आल्या. "काय म्हणती?"

"माझा बेडका मागती." मग मला, "कशापायी?"

"सईला ज्याच्याकडून लागलं ते माणूस सापडलं पाहिजे. आम्हा तिघांचं बघून झालंय. तुमचंच राहिलंय."

 आबांनी चहा संपवला, बशी पालथी घातली आणि म्हणाले, "झाकण नीट बसतंय का ह्याचं?"

बस, एवढंच. ज्या गोष्टीसाठी सगळं घर माझ्याकडे बोट दाखवत फिरत होतं, ती चहाच्या एका कपात झाली. आबा स्वच्छ धोतर नेसून, फेटा बांधून, ती डबी सदऱ्याच्या खिशात उभी धरून दवाखान्यात गेले. वाटेत कोणी विचारलं तर सांगायचे, "तूप घिऊन चाललोय डाक्टरला."

टेस्ट पॉझिटिव्ह आली, म्हणजे थुंकीत टीबीचे जंतू सापडले.

मला वाटलं, आता तरी संपलं. माझी शाळा, माझं दूध, माझं चारणं, सगळं आरोपातून सुटलं. आबा खाटेवर बसले होते. आत्या चुलीपुढे भाकरी थापता थापता पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तू घरी आसतीस तर पोरगी दिसभर त्यांच्यापाशी ऱ्हायलीच नसती."

नवरा कोपऱ्यात मोबाइल चाचपत बसला. आबा म्हणाले, "तू गप की." पण वाक्य बोलून झालं होतं आणि मला ते खरं वाटलं. ह्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. आत्यांचा नाही, मला ते खरं वाटलं ह्याचा.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना विचारलंच, "मी नोकरी करत नसते तर हे टळलं असतं का?"

बाहेर पेशंटांची रांग होती. ते लिहिता लिहिता म्हणाले, "आजोबा तुमच्याच घरात राहतात ना? एकच हवा, एकच खोली. तुम्ही घरी असता तर कदाचित तिघांना औषध लिहीत बसलो असतो. वजन वाढलंय हिचं. पुढचा पेशंट पाठवा."

मी हे घरी येऊन सांगितलं. आत्या म्हणाल्या, "डाक्टरला काय जातंय म्हनाया."

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की घरच्यांकडून निर्दोष सुटकेचा कागद मला कधीच मिळणार नाही. एक्स-रे स्वच्छ निघाला तरी नाही, आबांचा रिपोर्ट आला तरी नाही. मी वाट बघायचं सोडलं. एकदम नाही. चिडत, कुरकुरत सोडलं.

आबांना तेव्हा नव्याने आलेले डॉट्सचे उपचार सुरू झाले होते. त्यात दवाखान्यात जाऊन सिस्टरच्या डोळ्यांदेखत गोळ्या गिळायच्या असतात. पहिले काही आठवडे ते खोकताना तोंडाला पंचा धरायचे, पडवीत निजायचे आणि सईला लांबूनच हाका मारायचे. लोक त्यांना भेटायला येताना फळं आणत होते. "कुठनं लागलं आसंल वो देवमाणसाला," सुमनकाकू म्हणाल्या. सईसाठी मला असं कोणी म्हणालं नव्हतं. सई मात्र अंगाने भरू लागली, गाल वर आले, तेव्हा त्याच काकू म्हणाल्या, "पोरीला लई बी फुगवू नगं."

डॉक्टरांनी 'आता आजोबांजवळ जायला हरकत नाही' म्हटल्यावर मी, सईला त्यांच्यापाशी ठेवता येईना म्हणून घेतलेली बिनपगारी रजा संपवून, परत शाळेत निघाले. सकाळी सईला औषध दिलं, अर्ध्या तासाने भरवलं, आबांपाशी बसवलं. तिने भोकाड पसरलं.

"बघ, कशी रडती," आत्या म्हणाल्या. "परत निघालीसच?"

"हो, परत. दुपारचा भात झाकून ठेवलाय. चारला येते."

"आन न्हाई खाल्ला तर?"

"तर तुम्ही भरवा, आत्या. तुम्ही घरीच आहात."

असं मी दिवसाउजेडी, समोरासमोर, वेळेवर म्हटलं होतं. आबा खोकले, पण तो हसण्याचा खोकला होता.

ज्यांच्या घरात हे दुखणं येईल त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. आधी सगळ्या मोठ्या माणसांना तपासायला न्या, ज्यांना सांगायची भीती वाटते त्यांना सगळ्यात आधी. औषध मध्येच बंद करू नका. त्या डॉक्टरांचे, डबी देणाऱ्या सिस्टरचे आणि झाकण घट्ट लावून डबी नेणाऱ्या आबांचे माझ्यावर उपकार आहेत.

त्या सकाळी माझी नारायणगावची जीप फाट्यावर वळली तरी सईचं रडणं कानात होतं. अजूनही असतं, ती शाळेत जायला लागली तरी. फक्त ते कानात राहिलं म्हणजे आपलं काही चुकलंय, असं मी आता धरून चालत नाही.