पाठमोरा मामा

उन्हाळ्यात वनरक्षकाच्या बायकोला नवरा फक्त जेवणापुरता मिळतो. ते दिवस वणव्याचे. माझा नवरा पहाटे निघायचा तो अंधार पडल्यावर धुराचा वास घेऊन परतायचा आणि ताटावरच पेंगायचा. सिंदेवाहीच्या पुढे, गावापासून लांब, जंगलाला लागून आमचं क्वार्टर. दिवसभर मी आणि माझी आठ महिन्यांची मुलगी. बोलायला कुणी नाही म्हणून मी कुकरशी बोलायचे. शिट्टी झाली की उत्तर मिळाल्यासारखं वाटायचं.

अशात पोरीच्या हिरड्या शिवशिवायला लागल्या. लाळेने हनुवटी लाल झाली. हाताला लागेल ते चावायची, माझा खांदासुद्धा सोडला नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात मी स्वच्छ फडकं भिजवायचे, माठाला लावून थंड करायचे आणि बोटाला गुंडाळून तिच्या हिरड्यांवरून फिरवायचे. तेवढा वेळ ती गप्प. फडकं काढलं की पुन्हा किरकिर. तिला कडेवर घेऊन अंगणात फेऱ्या मारताना मला रडावंसं वाटायचं, आणि कधीकधी मी रडायचेही. पाहायला होतं कोण?

आठवड्यातून एकच माणूस यायचा, माझा धाकटा भाऊ. आरमोरीत त्याचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान. रविवारी दुकान बंद, की हा गाडी काढून हजर. त्याच्या गाडीच्या आवाजासाठी मी शनिवारपासूनच कान टवकारून असायचे.

एका सकाळी फडक्याखाली बोटाला काहीतरी टोचलं. दात! मी धावतपळत आईला फोन लावला.

"खालचा का वरचा वं?"

"वरचा."

 

"वरचा आधी आला तं मामाले जड जाते. खालचे येतपर्यंत त्याले पोरीचं तोंड नोको दाखवू. मी त्याले पाठवत नाई आता."

मी चिडले. "आजकाल कोण मानते असं?"

"तुले बी वरचाच आला होता," आई म्हणाली.

माझा मामा मला फोटोतच ठाऊक. मी वर्षाची व्हायच्या आत तो गेला. तापाने गेला, दाताने नाही, हे मला कळत होतं. बहुधा आईलाही कळत असावं. पण इतकी वर्षं तिने ही दाताची गोष्ट पोटात ठेवली होती. मलाही एकच भाऊ. मी 'बरं' म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवार आला, गाडी आली नाही. पुढचाही तसाच गेला. मोहफुलं वेचून परतणाऱ्या बायका तेवढ्या घरासमोरून जायच्या. त्यातली एक म्हातारी थांबून पोरीचा दात पाहायची, तोंडभर हसायची आणि वाटेला लागायची. मी रोज ओल्या फडक्याने तो एकुलता एक दात पुसायचे आणि मग खालच्या हिरडीवर बोट फिरवून पाहायचे. मऊच्या मऊ. त्या मऊ हिरडीचा मला राग यायचा.

त्याच्या पुढच्या रविवारी कुंपणापाशी गाडी थांबली. भाऊ फाटकातून पाठमोरा, उलट्या पावली आत आला आणि अंगणात दाराकडे पाठ करून बसला.

"मायनं पाहाले नाई म्हटलं," तो रस्त्याकडे तोंड करून म्हणाला. "बोलाले कुठं नाई म्हटलं?"

मी पोरीला घेऊन उंबऱ्यात बसले आणि त्याच्या पाठीशी बोलले. चहाचा कप त्याच्या खांद्यावरून दिला. मध्येच तो विचारायचा, "काय करून राह्यली वं ती?" मी सांगायचे, "तुले पाहून राह्यली." मग दर रविवारी हेच. तो गेल्यावर ते दोन खोल्यांचं क्वार्टर मला फार मोठं वाटायचं. भावाचं तोंड पाहायला मिळत नाही याचं इतकं वाईट वाटेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

अखेर खालचे दोन दात एकदमच आले. आई त्याच्यासोबत आली. आमच्या घरची रीत अशी, की मामाने आधी काशाच्या वाटीतल्या तेलात बाळाचं तोंड पाहायचं, मग समोरून. त्याने तेलात पाहिलं, वाटी खाली ठेवली आणि दोन्ही हात पसरून तिच्यासमोर बसला.

पोरीने त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि भोकाड पसरलं. भावाचं तोंड एवढंसं झालं. मग ती माझ्या मांडीवरून उतरली, रडत रडतच रांगत त्याच्या मागे गेली, त्याचा शर्ट धरून उभी राहिली आणि पाठीला गाल टेकून गप्प झाली.

भाऊ हलला नाही. "ताई," तो हळूच म्हणाला, "वळू का नोको?"

मला त्या सगळ्या रविवारांचं एकदम रडू आलं. "थांब जरासा," मी म्हटलं. "बस तसाच."